ओ-ब्रियों : बोर्दो शहराच्या आत राहिलेला द्राक्षमळा

तुलूझकर

मंडळी, इथे वाईनवर धागे निघतात पण गाडी बहुतेक नाशिकवर, नाहीतर "कुठली स्वस्त नि बरी" यावर येऊन थांबते, आणि फ्रेंच वाईनचा विषय निघाला की लाफीत, मार्गो ही दोन नावं घेऊन संपतो. मला ज्या इस्टेटीबद्दल लिहायचंय ती या दोघांच्या पंगतीतलीच आहे, पण तिची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त मोठी आहे. शातो ओ-ब्रियों. शातो म्हणजे वाडा, पण बोर्दोत मळ्यासकट अख्ख्या वाईन इस्टेटीलाच शातो म्हणतात. कामानिमित्त तुलूझला असतो, बोर्दो ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर, त्यामुळे जाणं-येणं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही जागा खेड्यात नाहीये. बाकीचे मोठे शातो, लाफीत, लातूर, मार्गो, मूतों, हे सगळे शहराच्या उत्तरेला मेदोक भागात, नदीच्या काठाकाठाने, तिकडे जायला गाडी काढावी लागते. ओ-ब्रियों मात्र पेसाक नावाच्या उपनगरात, रिंग रोडच्या आत. एका बाजूला अपार्टमेंट, एका बाजूला रेल्वे, समोरून बस जातेय, आणि मध्येच ५० हेक्टरच्या आसपास द्राक्षाच्या रांगा. सव्वाशे एकर! जमिनीचा भाव बघितला तर कुठलाही बिल्डर या तुकड्यासाठी काय वाट्टेल ते मोजेल, आणि खरंच आजूबाजूचे कितीतरी मळे गेल्या दीडशे वर्षांत घरांखाली गेले, ते आता फक्त जुन्या नकाशांवर सापडतात. हा राहिला.

का राहिला, हे मला या धाग्यात सांगायचंय, कारण लोक पटकन म्हणतात की बोर्दो वाईनच्या प्रतवारीच्या १८५५ च्या यादीत पहिल्या वर्गात नाव लागलं म्हणून. तसं नाहीये. यादी फार नंतर आली. त्याच्या दोनशे वर्षं आधी या मळ्याने एक काम करून ठेवलं होतं, ते म्हणजे वाईन स्वतःच्या मळ्याच्या नावाने विकणं. आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पण त्या काळी बोर्दोची वाईन म्हणजे पिंपातून जाणारा माल, इंग्रज त्याला क्लॅरेट म्हणायचे, फिकट लाल, त्याच वर्षात पिऊन संपवायची, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आंबून जायची. कुठल्या शेतातली, कोणी केली, कोणाला फरक पडत नव्हता.

सुरुवात अशी की १५२५ साली जां द पोंताक नावाच्या माणसाचं लग्न झालं लिबूर्नच्या मेयरच्या मुलीशी, जान द बेलों तिचं नाव, आणि हुंड्यात इथली थोडी जमीन आली. मग १५३३ मध्ये त्याने वाडा आणि त्याचे हक्क विकत घेतले, १५४९ ला आजचा शातो बांधायला काढला. उतरत्या छपराची, टोकदार मनोऱ्यांची ती इमारत लेबलवर आजही असते. या गृहस्थाने तीन लग्नं केली, पंधरा मुलं झाली आणि म्हणे १०१ वर्षं जगला.

खरा खेळ केला तो पुढच्या शतकात आर्नो द पोंताक तिसरा याने. हा बोर्दोच्या पार्लमेंटचा, म्हणजे तिथल्या उच्च न्यायालयाचा म्हणा, पहिला अध्यक्ष. पैसा, वजन, ओळखी सगळं होतं, पण याने लक्ष घातलं ते तळघरात. पिंपातली वाईन उडून कमी झाली की वरून भरत राहायचं म्हणजे हवा लागत नाही, आणि गाळ खाली बसला की वरची स्वच्छ वाईन हळूच दुसऱ्या पिंपात घ्यायची. साधी कामं, पण त्याने वाईन टिकायला लागली, गडद झाली, जुनी होऊन सुधारायला लागली. इंग्रजांनी ज्याला नवं फ्रेंच क्लॅरेट म्हटलं ते हेच. आज जगात कुठेही कोणी रेड वाईन दहा वर्षं ठेवून पितो तेव्हा त्यात या माणसाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढचं लिहितो, पण आधी कोणाला यात रस आहे का ते कळू दे.

मधुरा लंडन

रस आहे, आणि लंडनचा भाग मी टाकते. सॅम्युअल पीप्स, सतराव्या शतकातल्या लंडनची डायरी लिहिणारा तोच, १० एप्रिल १६६३ ला रॉयल ओक नावाच्या टॅव्हर्नमध्ये गेला होता, लोंबार्ड स्ट्रीटला, आणि डायरीत लिहून ठेवलं की "हो ब्रायन" नावाची एक फ्रेंच वाईन प्यायलो, चांगली आणि अगदी वेगळीच चव, अशी आधी कधी घेतली नव्हती. स्पेलिंग त्याने कानाला ऐकू आलं तसं केलंय. एखाद्या ठराविक मळ्याच्या वाईनची चव नाव घेऊन लिहिलेली ही पहिली नोंद समजतात. त्याच्याही आधी १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स याच्या तळघराच्या हिशोबात हे नाव आलंय.

मग १६६६ ला लंडन जळलं. आगीनंतर शहर नव्याने बांधलं जात होतं आणि त्यात आर्नोने मुलाला, फ्रांस्वा-ऑग्युस्तला, इकडे पाठवलं. त्याने पोंताक्स हेड म्हणून खाणावळ काढली, पाटीवर बापाचं चित्र. खाणावळ म्हणजे साधी नव्हे, लंडनमधली पहिली फॅशनेबल जागा म्हणा, लेखक मंडळी, विद्वान सगळे तिथे. इतर बरी वाईन दोन शिलिंगला मिळायची तेव्हा ओ-ब्रियों सातला. त्याच काळात डायरी लिहिणारा दुसरा इंग्रज, जॉन एव्हलिन, यानेही १६८३ च्या डायरीत पोंताकच्या मुलाला भेटल्याचं लिहिलंय आणि आपल्या सगळ्यात निवडक बोर्दो वाईन यांच्याच मळ्यांतून येतात असं म्हटलंय.

ऑफिस त्याच भागात असल्याने लोंबार्ड स्ट्रीटवरून नेहमी जाते, आता सगळ्या बँका आणि काचेच्या इमारती, त्या टॅव्हर्नचं काही शिल्लक नाही.

तुलूझकर

वा मधुराताई, नेमकं हेच. बाप तळघरात माल सुधारतोय आणि मुलगा गिऱ्हाईकाच्या दारात दुकान मांडून बसलाय, मध्ये दलाल नाही. ब्रँड, थेट विक्री, जी काही भाषा आज वापरतात ती सगळी १६६६ मध्ये यांनी करून दाखवली.

रोखठोक

लेख छान पण मला एक सरळ विचारायचंय. हे सगळं मार्केटिंग झालं. वाईन मुळात किती चांगली आणि नावाचा पैसा किती? १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने आंधळी चाचणी घेतली, सगळे परीक्षक फ्रेंच, बाटल्या झाकलेल्या. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३. दुसरी मूतों, तिसरी मोंरोज, चौथी तुमची ओ-ब्रियों १९७०. मग म्हणाले फ्रेंच वाईनला वेळ लागतो, थांबा. तर ३० वर्षांनी २००६ ला त्याच वाईन परत चाखल्या आणि परत कॅलिफोर्नियाच वर. म्हणजे काही शे युरो आपण मोजतो ते कशाचे? नाव काढून टाकलं तर काय उरतं?

बागायतदार निफाड

मी वाईन क्वचित घेतो पण द्राक्ष माझ्या घरी तीन पिढ्या आहे म्हणून वाचतोय. तुलूझकर, जमिनीबद्दल काहीच लिहिलं नाही तुम्ही. जमीन कशी आहे, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळ) कोणता, वेलीतलं अंतर किती, एकरी माल किती काढतात हे सांगा म्हणजे आम्हाला कळेल नाव उगाच आहे का खरं आहे.

तुलूझकर

रोखठोक आणि निफाडकर दोघांचं उत्तर एकात देतो कारण ते एकच आहे.

चाचणीचे आकडे बरोबर आहेत आणि मी त्यावर वाद घालणार नाही. कॅलिफोर्नियाची वाईन चांगली होती म्हणून जिंकली. पण झाकलेल्या बाटल्यांची चाचणी एवढंच सांगते की त्या दिवशी त्या नऊ परीक्षकांना काय आवडलं. ओ-ब्रियोंचं म्हणणं "मी जगात पहिली" असं मुळात नाहीच, तिचं म्हणणं "मी या जागेची" असं आहे. आणि जागेबद्दल सगळ्यात सुंदर लिहिलंय ते जॉन लॉकने. हो, तोच तत्त्वज्ञ. १६७७ च्या मे महिन्यात तो हा मळा बघायला आला. त्याने काय बघितलं, तर पश्चिमेला उघडा असा छोटासा उंचवटा, नुसती पांढरी वाळू आणि त्यात थोडे खडे, इथे काही उगवेल असं वाटूही नये. आणि पुढे लिहितो की व्यापारी सांगतात, अगदी शेजारच्या मळ्यातली वाईन, जो मला सगळ्या बाबतीत सारखाच दिसतो, तेवढी चांगली निघत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाहेरच्या माणसाने एवढं नेमकं टिपलं! आणि रोखठोक, भावाचंही त्याने लिहिलंय, की काही वर्षांपूर्वी ५०-६० क्राऊनला मिळणारं पिंप आता ८०-१०० ला गेलं, दोष इंग्रजांचाच, सगळ्यात चांगली मलाच हवी म्हणून चढाओढीने वाट्टेल त्या किमतीला मागवतात. म्हणजे तुमची तक्रार जुनी आहे आणि तेवढीच खरी आहे.

निफाडकर काका, जमीन म्हणजे खडी. नदीने हजारो वर्षांत वाहून आणलेले गोल गुळगुळीत गारगोट्या, काही अंड्याएवढ्या, त्याखाली चिकणमाती आणि वाळूचे थर. या भागाचं नावच ग्राव, खडीचा प्रदेश. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, दिवसा दगड तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला मिळते. मुळं पाण्याच्या शोधात खोल जातात. ठिबक वगैरे नाही, तिथे उत्पादन देणाऱ्या बागेला पाणी द्यायला नियमानेच सहसा परवानगी नसते. अंतर अगदी कमी, हेक्टरी आठ हजाराच्या वर वेली, उंची कमरेपर्यंत, मांडव नाही. खुंट अमेरिकन, कारण १८६० च्या दशकात फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि फ्रान्सचे मळे साफ झाले, त्यानंतर सगळीकडे त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमच. माल एकरी दोन-अडीच टनाच्या आसपास.

बागायतदार निफाड

दोन-अडीच टन! आमच्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी दहा टन नाही निघाला तर घरातले विचारतात काय झालं. वाईनच्या जातींना कंपनीवाले कमी माल सांगतात पण एवढा कमी नाही.

तुम्ही लिहिलं ते मला पटतं एका कारणाने. आमच्याकडे काळी जमीन आणि मुरमाड जमीन यात हाच फरक. काळ्या जमिनीत वेल माजतो, पाला पाला होतो, मणी फुगतो, वजन मिळतं. मुरमाडात वेल काटक राहतो, मणी बारीक, पण साखर आणि रंग लवकर येतो, साल जाड. रेड वाईनला रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो ना, मग मणी जेवढा बारीक तेवढी साल जास्त. दगडातल्या बागेची वाईन चांगली होणार यात जादू काही नाही.

फक्त एक विचारतो, तिथे छाटणी एकदाच ना? आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, वेल कधी झोपतच नाही. त्यांच्या वेलीला थंडीची झोप मिळते, त्याचा वेलीच्या आयुष्यावर फरक पडत असेल.

तुलूझकर

एकदाच, हिवाळ्यात, पानं गळून गेल्यावर. आणि वेली ५०-६० वर्षांच्याही ठेवतात, म्हाताऱ्या वेलीचा माल कमी पण त्यांना तोच हवा असतो. शहरात असल्याचा आणखी एक परिणाम, चारी बाजूंनी घरं आणि रस्ते असल्यामुळे इथली हवा मेदोकपेक्षा जरा उबदार, त्यामुळे इथे तोडणी बाकीच्या मोठ्या शातोंच्या आधी सुरू होते, पांढरी द्राक्षं तर गरम वर्षी ऑगस्टमध्येच. हिमाच्या रात्रीही थोडा बचाव होतो. ज्या शहराने शेजारचे मळे गिळले त्याचाच या मळ्याला असा उपयोग होतोय.

अनु डोंबिवली

खूप बेसिक प्रश्न, हसू नका. १८५५ ची यादी म्हणजे नक्की काय? आणि यात द्राक्ष कुठली असतात, आणि चव कशी असते म्हणजे शब्दात सांगता येईल का?

इतिहासवेडा

अनु, यादीचं मी सांगतो. १८५५ ला पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिसरा नेपोलियन गादीवर, त्यासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी हवी होती. काम दिलं दलालांच्या संघटनेकडे. त्यांनी बसून चाखत बसण्यापेक्षा वर्षानुवर्षं कुठल्या मळ्याला काय भाव मिळतो त्यावरून पाच वर्ग पाडले. म्हणजे यादी बाजारभावाची. पहिल्या वर्गात चार नावं, लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. लाल वाईनच्या अख्ख्या यादीत मेदोकच्या बाहेरचं नाव हे एकच. म्हणजे भाव एवढा पक्का होता की मेदोकबाहेरचं असूनही त्याला घ्यावं लागलं. नंतर १९७३ ला मूतों पहिल्या वर्गात चढली, एवढाच मोठा बदल.

आणि ही चार नावं नवी नव्हतीच. टॉमस जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून फ्रान्समध्ये होता तेव्हा १७८७ च्या मे मध्ये बोर्दोला आला, ओ-ब्रियोंच्या मळ्यात जाऊन माती बघितली, आणि पहिल्या प्रतीचे म्हणून हेच चार मळे लिहून ठेवले. यादीच्या ६८ वर्षं आधी. मग मेहुण्याला व्हर्जिनियात ओ-ब्रियोंच्या बाटल्या पाठवल्या.

मालक लोकांचीही कथा मोठी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी मालक होता जोझेफ द फ्युमेल, बोर्दोचा मेयर झालेला माणूस, स्वतःहून बरंच देऊन टाकलं तरी १७९४ ला गिलोटिनखाली गेला. मग १८०१ ते १८०४ तालेरां, नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री. तो इथे राहिला असेल असं वाटत नाही, पण त्याच्या पॅरिसच्या मेजवान्यांना वाईन कुठून येत असेल याचा अंदाज करता येतो. १८३६ ला लारिएं नावाच्या बँकरने घेतली आणि त्या घराण्याने नीट लावली.

तुलूझकर

धन्यवाद, माझं टायपिंग वाचलं. पुढचा धागा मी जोडतो. १९३५ ला, मंदी चालू, वाईनला गिऱ्हाईक नाही, तेव्हा क्लॅरन्स डिलन नावाच्या अमेरिकन बँकरने ही इस्टेट घेतली आणि ती आजही त्याच घराण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात शातोमध्ये आधी फ्रेंच जखमींसाठी हॉस्पिटल झालं, मग जर्मन आले आणि त्यांनी आपल्या वैमानिकांच्या विश्रांतीसाठी घेतली. डिलनचा मुलगा डग्लस, तो केनेडीचा अर्थमंत्री होता, त्याची मुलगी जोन हिने पुढे अनेक वर्षं कारभार बघितला, आणि २००८ पासून तिचा मुलगा, लक्झेंबर्गचा प्रिन्स रॉबर्ट. समोरच्या रस्त्यापलीकडे ला मिसिओं ओ-ब्रियों म्हणून दुसरा मळा आहे, क्रांतीआधी शंभरेक वर्षं धर्मप्रचारक पाद्र्यांच्या ताब्यात होता, दोघांची पिढ्यान् पिढ्या स्पर्धा, तोही १९८३ ला डिलन घराण्यानेच घेतला. आणि तरीही दोन्हीच्या वाईन वेगळ्या करतात, एकत्र करत नाहीत. मधे फक्त एक रस्ता! लॉकने जे शेजारच्या मळ्याबद्दल लिहिलं ते इथे स्वतः चाखून बघता येतं.

पण मालकांपेक्षा मला दुसऱ्या घराण्याबद्दल जास्त आदर आहे, देल्मास. जॉर्ज देल्मास १९२० च्या दशकात कारभारी म्हणून आला, त्याचा मुलगा जां-बर्नार, जो इस्टेटीवरच जन्मला, आणि आता नातू जां-फिलिप. तीन पिढ्या तोच मळा, तेच तळघर. जां-बर्नारने १९६१ ला लाकडी टाक्या काढून स्टेनलेस स्टीलच्या आणल्या, मोठ्या शातोंमध्ये हे सगळ्यात आधी. तेव्हा लोकांना हे दुधाच्या डेअरीसारखं वाटलं. पण टाकीचं तापमान हातात आलं, गरम वर्षी वाईन बिघडायची थांबली, नंतर सगळ्यांनी तेच केलं. मग त्याने आपल्याच मळ्यातल्या चांगल्या वेली निवडून त्यांच्या काड्यांपासून नवी लागवड तयार करायचं काम वर्षानुवर्षं चालवलं. निफाडकर काकांना हे पटेल, मातृवेल आपलीच असली पाहिजे.

अनु, द्राक्षं म्हणजे मर्लो आणि काबर्ने सोविन्यों जवळपास सारखी, आणि थोडी काबर्ने फ्रां. मेदोकच्या मोठ्या शातोंपेक्षा मर्लो जास्त, म्हणून ही जरा आधी मऊ होते. चव, मला जशी लागते तशी सांगतो. फळ पहिलं येत नाही. पहिला येतो धुराचा वास, तंबाखूच्या पानाचा, तापलेल्या विटेवर पाणी मारल्यावर येतो तसा. फळ मागून येतं, काळं, पिकलेलं. तोंडात तुरटपणा आहे पण ओरखडत नाही. आणि घोट गेल्यावर बराच वेळ राहते. मला ती एका ओळखीच्यांच्या घरी मिळाली होती, २००० च्या सुमाराची बाटली, स्वतः विकत घ्यायची हिंमत अजून केलेली नाही. १९४५, १९५९, १९६१ आणि १९८९ ही वर्षं जाणकार सगळ्यात वर ठेवतात.

रोखठोक

तुमचं उत्तर आवडलं, विशेषतः लॉकचं. माझा आक्षेप तरी राहतोच. जागा खरी असेल, पण आज ती जागा पिणाऱ्यासाठी राहिलेली नाही. बाटल्या लंडन, जिनिव्हा, हाँगकाँगच्या गोदामात पडून असतात, लोक शेअरसारखे घेतात विकतात. ज्या वाईनचा मोठेपणा एका माणसाने टॅव्हर्नमध्ये बसून पिण्यातून सुरू झाला ती आता कोणी उघडतच नाही याचं मला वाईट वाटतं.

तुलूझकर

यावर मी तुमच्याशी सहमत आहे, मलाही वाईट वाटतं. वाईन पिंपात असतानाच, तोडणीनंतरच्या वसंतात, तिचा भाव फुटतो आणि व्यापारी बुक करतात, बाटली हातात यायला अजून दीड-दोन वर्षं असतात. वर्षाला १० ते १२ हजार पेट्या, जगभर वाटल्या की किती राहणार. भारतात तर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क.

पण एक वाट आहे. मुख्य वाईनमध्ये जे पिंप बसत नाहीत, बहुतेक तरुण वेलींचे, त्यांची दुसरी वाईन करतात, आधी तिचं नाव बाआं होतं, २००७ पासून ल क्लॅरन्स. तीच माती, तेच हात, किंमत बरीच कमी, तरी शंभर युरोच्या वर जातेच. चार-पाच जणांनी मिळून एक घेतली तर होण्यासारखं आहे.

अनु डोंबिवली

आम्ही सप्टेंबरमध्ये फ्रान्सला जातोय, बोर्दोला दोन दिवस आहेत. मळा आतून बघता येतो का? आणि अशी बाटली कोणी दिलीच तर उघडायची कशी, डिकँटर (वाईन ओतून ठेवायचं काचेचं भांडं) लागतोच का?

तुलूझकर

आधी लिहून वेळ घ्यावी लागते, बरेच आठवडे आधी, आणि सप्टेंबर म्हणजे तोडणी, त्यामुळे नाही म्हणण्याची शक्यता जास्त. तरी पेसाकला नक्की जा. ट्रामची बी लाईन पेसाकला जाते, आणि अव्हेन्यू जां जोरेसवर उभं राहिलं की एका हाताला ओ-ब्रियों, दुसऱ्या हाताला ला मिसिओं, कुंपण कमी उंचीचं, रांगा आणि गारगोट्या फुटपाथवरून दिसतात. तोडणी चालू असेल तर माणसं हाताने घड काढताना बघायला मिळतील, मशीन नाही. पेसाकमध्येच पाप क्लेमां म्हणूनही जुना मळा आहे, १३०० च्या सुमारास पाचव्या क्लेमेंट पोपचा होता, तिथे भेटीची सोय जरा सहज होते.

बाटलीचं सांगतो. ओ-ब्रियोंची बाटली लगेच ओळखू येते, खांदे उतरते, १९५८ च्या वाईनपासून त्यांनी तो वेगळा आकार ठेवलाय. पंधरा-वीस वर्षं जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. बूच हळू काढा, जुनं बूच मधे तुटतं. डिकँटरमध्ये ओतायची ती गाळ मागे ठेवण्यासाठी, आणि फार आधी नाही, जुनी वाईन हवा लागली की लवकर उतरते. नवी असेल तर उलट, दोन-तीन तास आधी ओता. मुंबईच्या हवेत मात्र "रूम टेंपरेचर" वर विश्वास ठेवू नका, १७-१८ डिग्रीला असली पाहिजे, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तरी चालेल.

बागायतदार निफाड

अनुताई, फुटपाथवरून जमिनीचा आणि खोडाचा जवळून एक फोटो टाका इथे. बुंधा किती जाड आहे आणि पहिली फांदी जमिनीपासून किती वर घेतलीय ते बघायचंय. माझ्याकडे कोपऱ्यात पाऊण एकर मुरमाड तुकडा आहे, तिथे खायची द्राक्षं नीट येत नाहीत, यंदा तिथे वाईनची जात लावायचं डोक्यात आहे.